माझदा : रोटरी इंजिन खरंच टिकत नाही का?

घर्षण (धागाकर्ता)

आपल्याकडे माझदा म्हटलं की 'स्वराज माझदा'ची मिनीबस आठवते. ती पंजाबातली, पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांच्या भागीदारीतून निघालेली. माझदाची मोटार मात्र कंपनीने इथे कधी अधिकृतपणे विकली नाही. त्यामुळे आपली मतं बहुधा ऐकीव असतात आणि ती दोन टोकांची असतात: 'ल मां (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) जिंकलेलं इंजिन' किंवा 'सारखं खोलावं लागणारं इंजिन'. दोन्हींत तथ्य आहे, पण कारणं फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. आधी इतिहास उरकतो.

सुरुवात चक्क बुचांपासून. १९२० साली हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' निघाली, पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा अध्यक्ष झाले. १९२७ मध्ये नावातलं कॉर्क गेलं आणि १९३१ साली माझदा-गो ही तीनचाकी मालगाडी आली: पुढे मोटरसायकलसारखं हँडल, मागे हौदा, इंजिन ४८२ सीसीचं. आपल्याकडे बजाज टेम्पोच्या तीनचाकीने 'टेम्पो' हा शब्दच भाषेला दिला, तीच जात. माझदा हे नाव अहुर मज्दावरून घेतलं. मुंबईकरांना ते पारशांमुळे परकं नाही. शिवाय ते मात्सुदा या आडनावाशी जुळतं. जपानी लिपीत कंपनीचं नाव आजही 'मात्सुदा' असंच वाचलं जातं.

६ ऑगस्ट १९४५ ला कारखाना बराचसा वाचला. तो फुचू गावात, स्फोटाच्या केंद्रापासून साधारण ५ किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा टेकडी होती. हिरोशिमा प्रांताचं सरकारी कामकाज काही काळ या कारखान्याच्या इमारतीतून चाललं. त्याच डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनू लागल्या.

पहिली प्रवासी मोटार १९६० ची आर३६०, ३५६ सीसीची, किंमत ३ लाख येन. त्याच सुमारास जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या मनात लहान मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायचं होतं. आपण गिळले जाऊ नये तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हवं, हे त्या वेळचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखलं आणि १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू या मोटार कंपनीशी वँकेल, म्हणजेच रोटरी, इंजिनाचा परवाना-करार केला. रोटरीचा हट्ट म्हणतात तो असा जगण्याच्या गरजेतून आला, हौसेतून नव्हे.

---

हिशोबी

छान सुरुवात. इंजिनाचं गणित मी घालतो, कारण '१.३ लिटरमधून एवढी ताकद कशी?' हा प्रश्न येणारच.

रोटरीत पिस्टनच्या जागी बंद कवचात (हाउसिंग) तिकोनी रोटर फिरतो. एका रोटरला तीन बाजू, प्रत्येक बाजूसमोर एक कप्पा. रोटर एकदा फिरतो तेव्हा एक्सेन्ट्रिक शाफ्ट (ताकद बाहेर नेणारा दांडा) तीनदा फिरतो, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट. चार-स्ट्रोक पिस्टनला त्यासाठी दोन फेऱ्या लागतात. एका कप्प्याची क्षमता काढायचं सूत्र: ३ × √३ × ई × आर × बी. ई म्हणजे शाफ्टच्या केंद्रापासून रोटरच्या केंद्राचं अंतर, आर रोटरची त्रिज्या, बी रोटरची जाडी. माझदाच्या १३बी इंजिनात ई १५ मिमी, आर १०५ मिमी, बी ८० मिमी. सेंटिमीटरमध्ये ५.१९६ × १.५ × १०.५ × ८ केलं की ६५४ सीसी येतात. दोन रोटर, १,३०८ सीसी.

गंमत म्हणजे ई आणि आर तेच ठेवून फक्त जाडी बदलली की घराणं तयार होतं: ६० मिमी म्हणजे १०ए (४९१ सीसी), ७० मिमी म्हणजे १२ए (५७३ सीसी). जपानी कर खात्याला ही चलाखी कळली होती. तिथे रोटरीची क्षमता दीडपट धरतात, म्हणजे १३बी कागदोपत्री १,९६२ सीसी. हा दीडपटीचा आकडा मला तुलनेसाठी जास्त प्रामाणिक वाटतो.

---

बाभूळकाटा

गणित ठीक. पण जनरल मोटर्स, मर्सिडीज, सित्रोएन, सगळ्यांनी या इंजिनावर पैसे घातले आणि सोडून दिलं. ते सगळे अडाणी आणि एकटी माझदा शहाणी?

---

घर्षण

बाभूळकाटा, प्रश्न बरोबर आहे. अडचणी सगळ्यांना त्याच आल्या. पहिल्या दोन माझदाने कशा सोडवल्या ते पाहू.

पहिली: हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे. जपानीत त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. रोटरच्या तिन्ही टोकांवर खाचेत बसवलेली पट्टी असते, ती अपेक्स सील. भिंतीवरून घासत जाताना ती स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर थरथरायची, म्हणजे घासण्याऐवजी उड्या मारायची. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा विभाग उभा राहिला. त्यांनी पट्टीला टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून तिची कंपनसंख्या बदलली आणि ओरखडे गेले. पण भोकं पाडलेली पट्टी कारखान्यात हजारोंनी बनवणं अवघड. प्रत्यक्ष विक्रीच्या गाडीत कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी आली. घासताना ती स्वतः वंगण देते.

दुसरी: पांढरा धूर. रोटरच्या बाजूंवरून तेल कप्प्यात झिरपायचं. त्यावर बाजूच्या ऑइल सीलची रचना बदलावी लागली.

मग ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली, ११० पीएस. एकूण १,१७६ गाड्या बनल्या, म्हणजे धंदा म्हणून नगण्य. पण १९६८ मध्ये न्यूर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. एक चौथी आली, दुसरी ८२ व्या तासाला मागच्या ॲक्सलमुळे बाद झाली. इंजिनामुळे नव्हे, हे महत्त्वाचं. त्याच १९६७ साली एनएसयूने आरओ-८० आणली होती. तिची इंजिनं वॉरंटीत इतकी बदलावी लागली की १९६९ मध्ये कंपनी फोक्सवॅगनच्या पंखाखाली जाऊन आउडीत विलीन झाली. इंजिनाची कल्पना एकच. फरक सीलवर किती वर्षं घालवली त्याचा.

---

बाभूळकाटा

मान्य. पण १९७३?

---

हिशोबी

१९७३ ला रोटरीचा खरा दोष उघडा पडला, आणि त्यावर आजही पूर्ण उत्तर नाही.

रोटरीचा ज्वलनकप्पा लांबट, चपटा आणि धावता असतो. आकारमानाच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून उष्णता भिंतीत जाते आणि कोपऱ्यातलं मिश्रण जळायचं राहतं. म्हणूनच एका रोटरला दोन प्लग लागतात: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. तरी न जळलेले हायड्रोकार्बन उरतातच. अमेरिकेचे प्रदूषण नियम पाळायला माझदाने एक्झॉस्टला थर्मल रिॲक्टर लावला, म्हणजे उरलेलं इंधन बाहेर जाळायची भट्टी. ती पेटती ठेवायला मिश्रण समृद्ध ठेवावं लागे. प्रदूषण गेलं, पेट्रोल वाढलं, आणि नेमकं तेव्हाच तेल संकट आलं.

गाड्या आवारात साचल्या. सुमितोमो बँकेने हात दिला म्हणून कंपनी वाचली. कारखान्यातले कामगार विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवले गेले. रोटरीचं मायलेज ४० टक्क्यांनी वाढवायची 'फिनिक्स' योजना आखली, ती साधलीसुद्धा. १९७९ मध्ये फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला, १९९६ मध्ये तो ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस हे जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष झाले. त्याआधी ८० च्या दशकाच्या शेवटी जपानात माझदा, आनफिनी, युनोस, ऑटोझॅम, ऑटोरामा अशी पाच दुकानं थाटून कंपनीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. दोष रोटरीलाच द्यायचा तर हेही मोजा.

---

चिंचपाणी

मुद्द्याचं विचारते. मेलबर्नमध्ये माझदाच्या रोटरीवाल्या जुन्या आरएक्स-८ स्वस्तात दिसतात. घ्यायची झाली तर नक्की काय तपासायचं? 'चांगली सांभाळली आहे' याला अर्थ नाही.

---

तेलकट हात

चिंचपाणीताई, स्वस्त आहेत त्याला कारण आहे. तपासणी गरम इंजिनवरच करायची, आणि कम्प्रेशन (कप्प्यात किती दाब तयार होतो ते) बघितल्याशिवाय पुढे बोलूच नका.

पिस्टनचा साधा गेज इथे फसवतो. त्यात हवा अडवणारी झडप असते, त्यामुळे तीन बाजूंतला सगळ्यात मोठा आकडाच दिसतो. एक बाजू मेलेली असली तरी सुई छान वर राहते. रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तम. नसेल तर साध्या गेजमधली ती झडप काढा आणि सुईचे झटके मोबाइलवर संथ गतीत चित्रित करा.

पद्धत: बॅटरी पूर्ण भरलेली. इंधनपंपाचा फ्यूज काढा, कॉइलची जोडणी काढा. पुढच्या रोटरचा खालचा प्लग काढून तिथे गेज. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ५ ते १० सेकंद स्टार्टर मारा. ठक-ठक-ठक असे तीन झटके यायला हवेत, सारख्या उंचीचे. मग मागचा रोटर. एकूण सहा आकडे.

रेनेसिसचे (आरएक्स-८ च्या इंजिनाचे) आकडे २५० आरपीएमच्या स्टार्टर गतीला: नवीन इंजिन ८.५ किलो प्रति चौरस सेंमी, किमान ६.९. एकाच रोटरच्या तीन बाजूंत फरक १.५ पेक्षा जास्त नको, दोन रोटरांत १.० पेक्षा जास्त नको. स्टार्टर हळू फिरत असेल तर आकडे खोटे कमी येतात, सुरुवातीच्या आरएक्स-८ चे स्टार्टर तसेही मरतुकडे. म्हणून आरपीएम नोंदवून दुरुस्ती तक्त्यावरून करा.

आकडे वाचायचे असे. शेजारच्या दोन बाजू कमी आणि तिसरी ठीक: त्या दोघींमधली अपेक्स सील तुटली किंवा चिकटली. एकच बाजू कमी: बहुधा साइड सील (रोटरच्या सपाट बाजूवरची). तिन्ही सारख्याच कमी: झीज किंवा काजळी, कधी कधी फक्त पेट्रोलने तेल धुतलं गेलेलं असतं.

दुसरी खूण: गाडी गरम असताना बंद करा, १० मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. गरम असताना स्टार्टर नुसता घरघरत राहिला तर कम्प्रेशन गेलं. विक्रेत्याने गाडी आधीच सुरू ठेवली असेल तर त्याच्या चांगुलपणाचं कौतुक करू नका.

---

तेलकट हात

मघाशी राहिलं: ही इंजिनं मरतात कशामुळे. आरएक्स-८ मध्ये साखळी बहुतेकदा कॉइलपासून (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) सुरू होते. ५० हजार किलोमीटरच्या आसपास कॉइल अशक्त होतात, ठिणगी कमी पडते. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर आतून वितळून तुंबतो. एक्झॉस्ट अडला की उष्णता इंजिनातच कोंडते आणि सील जातात. लोक 'इंजिन गेलं' म्हणतात, पण सुरुवात चार कॉइलनी केलेली असते. चारही एकदम बदला, वायर आणि प्लगसह. लीडिंगचे प्लग आरई७सी-एल, ट्रेलिंगचे आरई९बी-टी. जागा अदलाबदल करू नका, त्यांची उष्णता-श्रेणी वेगळी आहे.

दुसरी साखळी तेलाची. रोटरीत सील भिजवायला तेल मुद्दाम कप्प्यात सोडलं जातं, म्हणजे तेल खाणं हा बिघाड नव्हे, ते तिचं जेवण आहे. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. सुरुवातीच्या आरएक्स-८ मध्ये प्रत्येक रोटरला तेलाचे दोन नोझल होते आणि सीलचा मधला भाग कोरडा राहायचा. २००९ च्या सुधारणेत तीन झाले. निवड असेल तर २००९ नंतरचीच घ्या.

तिसरं, पेट्रोलने भिजणं. थंड इंजिन सुरू करून गाडी दोन हात पुढे-मागे केली आणि बंद केली की कप्प्यात पेट्रोल साचतं, सीलवरचं तेल धुऊन जातं, पुढच्या वेळी सुरूच होत नाही. उपाय: फ्यूज काढा, खालचे प्लग काढून स्टार्टर मारा, पेट्रोल बाहेर फेकलं जाऊ द्या, प्रत्येक भोकात ५-१० मिली इंजिन ऑइल सोडा, प्लग कोरडे करून बसवा. सुरू झाल्यावर निळा धूर होईल, घाबरू नका.

---

बाभूळकाटा

म्हणजे 'टिकत नाही' हे खरंच झालं ना. माझदाने अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली, ती उगाच नव्हे.

---

तेलकट हात

आरएक्स-८ पुरतं खरं. मी कंपनीची बाजू घेत नाही. रेनेसिसला २००३ चा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो एक्झॉस्टची पोर्ट (वायू बाहेर जायचं तोंड) परिघावरून बाजूला नेल्याबद्दल. त्याने आत येणारी आणि बाहेर जाणारी पोर्ट एकाच वेळी उघडी राहणं बंद झालं, प्रदूषण आणि इंधनाचा खप कमी झाला. पण काजळी परिघावरून सरळ बाहेर फेकली जायची ती आता साइड सीलच्या वाटेवर बसते. म्हणून सतत ३ हजार आरपीएमखाली, शहरात चालवलेली गाडी लवकर मरते. गरम झाल्यावर रोज एकदा लाल रेषेजवळ न्यायची ती चैन म्हणून नव्हे. थंड असताना मात्र अजिबात नाही.

जुन्या १२ए आणि बिनटर्बोच्या १३बीबद्दल हीच तक्रार कुणी करत नाही. ती दणकट आहेत. एफडी आरएक्स-७ ची (टर्बोवाली रोटरी स्पोर्ट्स कार) कथा निराळी: दोन टर्बो एकामागून एक चालवायला हवेच्या नळ्यांचं जंजाळ, ते उष्णतेने कडक होऊन चिरतं, बूस्ट बिघडतो, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होतं, आणि नॉकिंगचा एक जोरदार फटका अपेक्स सील मोडायला पुरतो. शिवाय रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं आणि बाजूच्या प्लेटा ओतीव लोखंडाच्या. एकदा जास्त तापलं की दोन धातू वेगवेगळे फुगतात, मधली पाण्याची सील जाते. एफडी घेणाऱ्याने नळ्या सिलिकॉनच्या कराव्यात आणि कूलंटची प्लास्टिकची टाकी बदलून धातूची बसवावी, बाकी हौस नंतर.

---

वळणदार

ल मांबद्दल एक गैरसमज इथेच मोडू या. 'रोटरी जिंकली म्हणून तिच्यावर बंदी आली' असं सर्रास लिहिलं जातं. ३.५ लिटर पिस्टन इंजिनांचा नियम १९९१ च्या शर्यतीआधीच ठरलेला होता. माझदाला ही शेवटची संधी आहे हे माहीत होतं.

माझदाच्या ७८७बी या शर्यतीच्या गाडीत चार रोटरचं आर२६बी इंजिन, ४ × ६५४ म्हणजे २,६१६ सीसी, सुमारे ७०० अश्वशक्ती, प्रत्येक रोटरला तीन प्लग, सिरॅमिकच्या अपेक्स सील, आणि आरपीएमप्रमाणे लांबी बदलणाऱ्या इनटेकच्या नळ्या. पण निर्णायक ठरला तो तराजू. रोटरीला किमान वजन ८३० किलो मिळालं, मर्सिडीज-जग्वार १,००० किलोंच्या वर. त्या शर्यतीत गाडीमागे इंधनाचा कोटा होता, हलकी गाडी तेवढ्यात जोरात पळू शकली. ५५ क्रमांकाची गाडी १९ व्या जागेवरून सुटली. पुढची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत तापून बसली. वाइडलर, हर्बर्ट, गाशो यांनी ३६२ फेऱ्या केल्या. शेवटी हर्बर्टला पाणी कमी पडून इतकी गळाठ आली की तो विजयमंचावर पोचलाच नाही. पुढच्या वर्षी माझदा आली ती V१० पिस्टन इंजिन घेऊन, आणि कुणाच्या लक्षातही नाही.

---

घर्षण

रोटरीबाहेरची माझदाही थोडी पाहू, नाहीतर धागा एकांगी होईल.

१९८९ ची एमएक्स-५. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार, २०१६ मध्ये दहा लाखांवर गेली. साधं चार सिलिंडर इंजिन, मागची चाकं चालती. तिच्यात तक्रारीला जागा म्हणजे गंज: दाराखालची पट्टी मागच्या चाकापाशी आतून कुजते. कारण छताच्या पाण्याचा निचरा करणारी नळी पानं-मातीने तुंबते. वर्षातून दोनदा नळीत मऊ वायर घालायची, बस. गंजाची बदनामी २००० च्या दशकातल्या माझदा-३ आणि ६ ला जास्त लागली, मागच्या चाकांच्या कमानीपाशी, आणि ती रास्त आहे.

२०११ पासून स्कायॲक्टिव्ह नावाची इंजिनं. पेट्रोलला १४:१ कम्प्रेशन. एवढ्या दाबाला नॉकिंग व्हायला हवं. ते टाळलं कसं तर मागच्या स्फोटाचा गरम वायू सिलिंडरमध्ये परत येऊ दिला नाही. त्यासाठी ४-२-१ असा लांब एक्झॉस्ट. डिझेलला उलट कम्प्रेशन १४ वर खाली आणलं. डिझेलचं दुखणं मात्र ठाऊक असावं: लहान फेऱ्या केल्या की काजळीचा फिल्टर जाळायला जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि तेलाची पातळी *वाढते*. डिपस्टिकवर एफच्या वर एक्स अशी खूण असते ती याचसाठी. तिथे पोचलं की तेल लगेच बदला. वाढलंय म्हणून आनंदू नका.

---

चिंचपाणी

माझदाच्या लाल रंगाबद्दल ऐकलंय, ओरखडा गेला की रंग जुळत नाही?

---

घर्षण

तो लाल म्हणजे सोल रेड, तीन थरांचा आहे. मधला अर्धपारदर्शक थर लाल असल्यामुळे जाडी किंचित बदलली तरी छटा बदलते. ४१व्ही आणि ४६व्ही असे दोन वेगळे सोल रेड आहेत, कोड दाराच्या चौकटीवर बघूनच रंग मागवा. फक्त एक पत्रा रंगवून भागत नाही, शेजारच्या पत्र्यावर विरत न्यावा लागतो. अंदाजपत्रक दोन पत्र्यांचंच धरा.

---

हिशोबी

फोर्ड २०१५ पर्यंत पूर्ण बाहेर पडली, २०१७ मध्ये टोयोटाने साधारण ५ टक्के घेतले, आणि रोटरी २०२३ मध्ये परत आली: एमएक्स-३० मध्ये, एकच रोटर, ८३० सीसी, ५५ किलोवॅट. ती चाकं फिरवत नाही, फक्त वीज बनवते. वरचं सूत्र वापरून बघा: आर १२० मिमी, बी ७६ मिमी, तर ई १७.५ मिमी येतो. अपेक्स सीलची जाडीही २ मिमीवरून २.५ मिमी केली. एका ठरावीक गतीला स्थिर चालणं हेच या इंजिनाला सगळ्यात मानवतं, त्यामुळे मला हा उपयोग पटतो.

---

चिंचपाणी

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावं की नाही? दोन्ही मतं वाचली.

---

तेलकट हात

गाडीचा तेल सोडणारा पंप शाबूत असेल तर सक्ती नाही, पण आरएक्स-८ ला फायदा आहे. लिटरला ३ ते ४ मिली, म्हणजे ५० लिटरला १५० ते २०० मिली. पंप काढून टाकलेला असेल तर दुप्पट, आणि मग एकही टाकी चुकवून चालत नाही. तेल जेएएसओ एफसी किंवा एफडी दर्जाचं, बोटीच्या इंजिनाचं नको. आधी तेल, मग पेट्रोल, म्हणजे भरतानाच ढवळलं जातं. मापाची बाटली डिकीतच ठेवा.